येरवड्यातलं तिसरं फाटक

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं, की 'याला येरवड्याला पाठवायला पाहिजे' असं म्हणायची जुनी रीत आहे. शाळेच्या मैदानावर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि त्यात कुणाला काही टोचतही नाही. नदीपलीकडचं हे उपनगर शहरानं मनात तसंच ठेवलं आहे: दोन उंच भिंतींचं गाव. एक भिंत मध्यवर्ती कारागृहाची. गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यातला १९३२चा पुणे करार झाला, तो हा तुरुंग. दुसरी भिंत मनोरुग्णालयाची. अडीच हजारांच्या आसपास खाटा असलेलं हे रुग्णालय देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. जी माणसं घराला आणि गावाला पेलवत नाहीत, त्यांना पुण्यानं पूल ओलांडून इथं आणून सोडलं.

आणि याच बाजूनं ज्येष्ठाच्या वद्य पक्षात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी शहरात येते. भिजलेल्या टोप्या, डोईवरच्या तुळशी, टाळांचा तो एकसुरी घोष. एका दिवसापुरती ही सगळी वाट बदलून जाते. पालखी पुढं गेली, की पुन्हा ट्रक, रिक्षा आणि चहाच्या टपऱ्या.

या आळंदी रस्त्यावर, मोहनवाडीत, 'मुक्तांगण' आहे. व्यसनात अडकलेली माणसं इथं येतात. खरं तर बहुतेक जण आणले जातात. बरोबर बायको असते, नाहीतर म्हातारा बाप. हातात कपड्यांची पिशवी. बाप बोलत असतो आणि मुलगा जमिनीकडं बघत असतो. इथं मला नेहमी जाणवतो तो आवाजाचा पोत. दवाखान्यात असते तशी दबकी कुजबुज इथं नाही आणि तुरुंगातली दरडावणी तर नाहीच. कुणी झाडलोट करतंय, कुणी भाजी निवडतंय, कुणी नव्यानं आलेल्याला अंघोळीची जागा दाखवतंय. दाखवणारा स्वतःही एके काळी असाच पिशवी घेऊन आलेला असतो. संस्थेतले अनेक समुपदेशक आणि कार्यकर्ते आधी इथले रुग्ण होते. त्यामुळं 'तुम्हाला नाही कळायचं' हे व्यसनी माणसाचं हुकमी वाक्य इथं चालत नाही.

वातावरण आपोआप तयार होत नाही. कुणीतरी ते स्वतःच्या वागण्यातून घडवलेलं असतं, आणि मग माणूस गेला तरी ते टिकतं. मुक्तांगणातलं वातावरण डॉ. सुनंदा अवचट यांनी घडवलं, असं माझं ठाम मत आहे. कागदोपत्री त्या डॉ. अनिता अवचट. इथल्या मंडळींच्या तोंडी 'मोठ्या मॅडम'.

त्यांचे पती डॉ. अनिल अवचट मराठी वाचकाला निराळे सांगायला नकोत. जन्म १९४४चा, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा. त्यांचे धाकटे भाऊ सुभाष अवचट चित्रकार झाले. अनिल पुण्याला येऊन बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटून बसले नाहीत. बिहारमधली उपासमार आणि दारिद्र्य बघून आले आणि १९६९ मध्ये 'पूर्णिया' हे पहिलं पुस्तक आलं. मग 'माणसं', 'संभ्रम', 'वाघ्या मुरळी', 'कोंडमारा', 'हमीद'. समोरच्या माणसाचं बोलणं तसंच्या तसं ऐकायचं, छोट्या वाक्यांत उतरवायचं, निष्कर्षाची घाई करायची नाही, ही त्यांची पद्धत. मला ती डॉक्टरची वाटते. रोग्याची हकीकत नीट घेतली की निदान निम्मं होतं, हे वैद्यकीचे सगळे जुने शिक्षक सांगतात. अवचटांनी आयुष्यभर हकीकत घेतली, फक्त प्रिस्क्रिप्शन लिहिलं नाही.

मग घर कुणी चालवलं? हा प्रश्न आपण लेखकांच्या बाबतीत फार कमी विचारतो. अवचटांनी तो लपवला नाही, 'स्वतःविषयी'मध्ये मोकळेपणानं लिहिला. सुनंदाताई मानसोपचारतज्ज्ञ. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्यांची सरकारी नोकरी. त्या पगारावर घर चालायचं. नवरा लेखन आणि चळवळी करायचा, मुलींना वाढवायचा, स्वयंपाकघरातही रमायचा. मुक्ता आणि यशोदा या दोघी मुलींना महापालिकेच्या शाळेत घातलं. दोन डॉक्टर आईबाप असलेल्या घरात त्या काळी हे किती जणांना पटलं असेल? गरजा कमी ठेवल्या तर दोघांपैकी एकाला पैशासाठी राबावं लागत नाही, असा तो रोकडा हिशेब होता. देणगी म्हटलं की आपल्याला धनादेश आठवतो. पण दर महिन्याच्या एका पगारातून एका लेखकाची कितीतरी वर्षं समाजाला दिली गेली, त्याची पावती कुणी फाडली नाही. मराठीतल्या त्या सगळ्या पुस्तकांमागं येरवड्याच्या ओपीडीतला एका बाईचं दिवसभराचं राबणं आहे.

अवचटांच्या पुस्तकांत 'अंधेरनगरी निपाणी' माझं विशेष आवडतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायका काम करतात. हवेत सतत तंबाखूची धूळ, ती नाकातोंडात, पदरात, अंगावरच्या पोरात. व्यसनाची ही मागची बाजू अवचटांनी आधी पाहिली होती: माल तयार करणाऱ्यांचे हाल. ज्याच्या हातात तो माल पडतो त्याचे हाल नंतर समोर आले, ऐंशीच्या दशकात, 'गर्द'च्या रूपानं.

तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबईतून पसरत पुण्याच्या कॉलेजांपर्यंत पोचली होती. सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी सरळ करायची, तिच्यावर चिमूटभर तपकिरी पूड, खालून जळती काडी फिरवायची आणि पळता धूर नळीनं ओढून घ्यायचा. थोड्याच दिवसांत मजा संपते आणि मग ते ओढावं लागतं, कारण नाही ओढलं तर 'टर्की' येते. नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, हाडं पिळवटून निघाल्यासारखी वेदना, जुलाब, आणि झोपेचा पत्ता नाही. मुलगा घरातली भांडी विकतो, आईच्या गळ्यातलं काढून घेतो आणि आईला कळत नाही की हा वाया गेला की आजारी पडला. अवचटांनी या मुलांशी, त्यांच्या घरच्यांशी बोलून लेख लिहिले. पुढं त्याचं 'गर्द' पुस्तक झालं.

ते लेख पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी वाचले. ते वाचून हळहळणारे पुष्कळ होते. या दोघांनी एक लाख रुपये पुढं केले आणि अवचट दांपत्याला म्हटलं, या मुलांसाठी काहीतरी सुरू करा. १९८६ मधले एक लाख. रंगमंचावरच्या प्रयोगांतून, पुस्तकांतून आलेला पैसा पु. लं. आणि सुनीताबाईंनी किती निगुतीनं आणि किती शांतपणे वाटला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. कलावंत जोडप्यानं डॉक्टर जोडप्याच्या हाती पैसा द्यावा आणि त्यातून येरवड्याला एक नवं फाटक उघडावं, हा आपल्या सांस्कृतिक इतिहासातला मला सगळ्यांत जवळचा प्रसंग वाटतो. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं, तेही मनोरुग्णालयाच्याच आवारात. स्वतःची इमारत पुढं झाली.

जिथं पाठवण्याची आपण धमकी देतो, त्याच आवारात घरासारखी जागा करायची होती. हे काम लेखकाचं नव्हतं. हे रोज उठून तिथं जाणाऱ्या, टर्कीत तळमळणाऱ्या पोराच्या खाटेशी उभं राहणाऱ्या, त्याच्या आईला बाजूला घेऊन समजावणाऱ्या बाईचं होतं. मारहाण नाही, अपमान नाही, नातं जोडायचं, हे सूत्र तिथं पहिल्यापासून आहे. व्यसन हा आजार आहे, हे आज आपण पाठ केलेलं वाक्य. तेव्हा ते वागून दाखवावं लागत होतं, कारण बाहेर पोलिसाचा दंडुका हेच सर्वमान्य औषध होतं. ३५ दिवस इथं राहायचं, कामं वाटून करायची, गटात बसून बोलायचं, मग बाहेर पडल्यावरही पाठपुराव्याला येत राहायचं. घसरला तर पुन्हा यायचं. परत आलेल्याला इथं हिणवत नाहीत. सोडलेल्या व्यसनाचा वाढदिवस होतो, बायकामुलांसकट, आणि मोठमोठे बाप्ये त्या दिवशी बोलता बोलता रडतात. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. नवरा पितो तेव्हा आजारी सगळं घर असतं, हे एका बाईनं ओळखलं म्हणून तो गट झाला, असं मला वाटतं.

अवचट इथं कुठं होते? होते, भरपूर होते. इथल्या सगळ्यांचे ते 'बाबा' होते. पण त्यांच्याकडं एक निराळीच शिदोरी होती. ते बासरी वाजवायचे, गायचे, लाकडात शिल्पं कोरायचे, पेनानं बारीक बारीक रेघा मारत मोर आणि झाडं काढायचे, जादूचे प्रयोग करायचे, आणि ओरिगामी. 'छंदांविषयी' नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. पुष्कळांना हे सगळं एका रसिक माणसाचं फावल्या वेळचं कौतुक वाटतं. मला ते तसं वाटत नाही. गर्द सुटल्यावर माणसापुढं सगळ्यांत भयंकर गोष्ट उभी राहते ती रिकामा वेळ. संध्याकाळी सहा ते रात्री दहा काय करायचं? बोटांना पन्नी आणि काडीची सवय. डोक्यात तेच चक्र. अशा माणसापुढं कुणीतरी चौकोनी कागद ठेवतं. टोकाला टोक जुळवायचं, घडी घालायची, घडीवर नख फिरवायचं. उलगडायचा, दुसरी घडी. टोक दोन मिलिमीटर जरी हुकलं तरी पुढं चोच वाकडी येते. त्यामुळं त्या पाच मिनिटांत डोक्यात दुसरं काही येऊ शकत नाही. आणि शेवटी दोन बाजूंनी हलकं ओढलं की कागदाचा पक्षी पंख हलवतो. ज्या हातांनी इतकी वर्षं फक्त मोडतोड केली, त्या हातांतून काहीतरी जन्माला आलेलं असतं. त्याला पैसा लागत नाही, दुकान लागत नाही, परवाना लागत नाही. कलेतला आनंद हा नशेतल्या आनंदाला पर्याय होऊ शकतो, यावर अवचटांचा नुसता विश्वास नव्हता, ते तसे जगत होते. आपल्याला येणारी कला बाजारात न्यावी असं त्यांना वाटलं नाही. समोर मूल बसलं की कागद बाहेर यायचा, एवढंच.

म्हणून या घरातली वैद्यकी आणि कला मला वेगवेगळ्या कप्प्यांत टाकता येत नाहीत. शरीरातून विष उतरवायचं आणि ती रिकामी झालेली जागा कशानं तरी भरायची, ही दोन्ही कामं उपचाराचीच आहेत. एक सुनंदाताई करत होत्या, एक अवचट.

सुनंदाताईंना कॅन्सर झाला. उपचार घेत, दुखणं सोबत घेऊन त्यांनी काम चालूच ठेवलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. संस्था तेव्हा अवघी अकरा वर्षांचीही नव्हती. संस्थापकाबरोबर संस्था संपल्याची उदाहरणं आपल्याकडं ढिगानं आहेत. इथं तसं झालं नाही. याचं श्रेय मी पुन्हा त्यांनाच देतो, कारण त्यांनी खुर्ची घडवली नव्हती, माणसं घडवली होती. अवचट त्यांच्यानंतर जवळजवळ २५ वर्षं जगले, लिहीत राहिले, कोरत राहिले आणि २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांनी निरोप घेतला. मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेली मुक्ता पुणतांबेकर आज संस्थेची धुरा सांभाळते. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग झाला. गर्दच्या मुलांसाठी उघडलेल्या दारातून दारू पिणारे आले, आणि आता मोबाइलमधून मान वर न काढणारी मुलं घेऊन आईबाप येतात.

एक गोष्ट मनाला लागून राहते. अवचट आपल्याला पानोपानी भेटतात. त्यांचा आवाज, त्यांची बासरी, त्यांचे मोर, सगळं जपलेलं आहे. सुनंदाताई मात्र बहुतेक वाचकांना भेटतात त्या नवऱ्याच्या लेखणीतून. 'मुक्तांगणची गोष्ट' वाचताना मी दर वेळी त्यांच्याच मागावर असतो: त्या खोलीत कधी आल्या, काय बोलल्या, गप्प कधी बसल्या. अवचटांनी त्यांच्याबद्दल भरभरून आणि कृतज्ञतेनं लिहिलं आहे, पण नवऱ्याला दिसलेली बाई आणि रुग्णाला दिसलेली डॉक्टर यात फरक असणारच. १९८६ मध्ये विशीत असलेली, त्या पहिल्या वॉर्डातून उठून घरी गेलेली मुलं आता साठीला टेकली आहेत. त्यांच्या बायका आहेत, त्यांच्या म्हाताऱ्या आया काही घरांत अजून असतील. त्यांच्याकडं जाऊन बसायला हवं. मोठ्या मॅडम पहिल्या दिवशी काय विचारायच्या, थापा मारणाऱ्या पोराला कशा पकडायच्या, कशावर हसायच्या, तिसऱ्यांदा घसरून आलेल्याकडं कशा बघायच्या, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला हवं. अवचट असते तर वही घेऊन तेच पहिल्यांदा निघाले असते. आता ते कुणीतरी दुसऱ्यानं करायचं आहे, आणि ती माणसं आहेत तोवर करायचं आहे.