मोफत वर्ग, पण कोणासाठी?

आमच्या संशोधन संस्थेत नोटीस लागली : 'सर्व कर्मचाऱ्यांसाठी मोफत संगणक प्रशिक्षण, दुपारी 3 ते 5.' नोटीस बोर्डावर लावणारा शिपाई आमचाच माणूस. तो नाव द्यायला गेला तर साहेब हसून म्हणाले, "तू वर्गात बसलास तर चहा कोण आणणार?" झाडलोट करणाऱ्या मावशी, माळी, प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारे यांना तर सांगण्यात आलं की तुम्ही संस्थेचे नाहीच, ठेकेदाराचे. 'सर्व' या शब्दात जी माणसं बसली नाहीत, ती बहुतेक आपल्याच वस्त्यांतली होती. याला योगायोग म्हणायला आम्ही तयार नाही.

आम्ही अर्ज दिला. बऱ्याच फेऱ्यांनंतर शिपायांना दोन तुकड्यांत सोडायचं ठरलं आणि कंत्राटी कामगारांसाठी शनिवारी पाचनंतर संगणक कक्ष मिळाला. शिकवायला आम्हीच.

आपल्यातलेच काही म्हणाले, आधी पगारवाढ मागा, कॉम्प्युटरने पोट भरतं का? प्रश्न खोटा नाही. पण पदोन्नतीतील आरक्षणासाठी आपण मोर्चे काढतो, 1995 ची 77 वी घटनादुरुस्ती तोंडपाठ सांगतो, आणि शिपायाचा लिपिक-टंकलेखक व्हायची वेळ आली की मिनिटाला 30 शब्दांचं मराठी टंकलेखन आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र नसतं. मग यादीत नावच जात नाही. 1942 साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात नोकऱ्यांबरोबर तांत्रिक शिक्षणासाठी पैसाही मागितला होता. दोन्ही मागण्या एकाच कागदावर होत्या.

शनिवारी आम्ही टायपिंगपासून सुरुवात केली नाही. मावशींना आधी स्वतःचं पीएफचं पासबुक उघडायचं होतं. एकीच्या खात्याला मोबाईल नंबर मुकादमाचा जोडलेला, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जाणार! तो बदलण्यातच दोन शनिवार गेले. पासबुक उघडलं तेव्हा पगारातून दरमहा 12 टक्के कापले जात होते, पण शेवटच्या पाच महिन्यांची नोंदच नव्हती. मावशी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याचा कागद निघतो का?"

कागद निघाला. अर्ज त्यांनी स्वतः टाइप केला. चार ओळींना पाऊण तास लागला. कामगाराचा कापलेला वाटा न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ते भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे 'तुम्ही आमचे नाहीच' म्हणणाऱ्या संस्थेवरच. म्हणून अर्जाची एक प्रत पीएफ कार्यालयाला आणि दुसरी थेट संचालकांना दिली. पैसे अजून आलेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे.

मुकादम मात्र विचारून गेला, हे तुम्हाला कोण शिकवतं? त्यानंतरच्या शनिवारी चारच्या जागी अकरा जणी आल्या. कक्षात चालू संगणक सहाच आहेत. आणखी पाच मिळावेत म्हणून नवा अर्ज दिला आहे, तोही मावशींनीच टाइप केलेला.

जय भीम!