पत्त्यातला कॅम्प

माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘उल्हासनगर’ असं ठळक लिहिलं आहे. पण लहानपणी घरात ते नाव क्वचितच कानावर पडे. आम्ही ‘कॅम्प चार’चे. मावशी कॅम्प दोनला, बाबांचे मित्र सेक्शन सतराला. स्टेशनबाहेर रिक्षावालेही आकडेच ओरडत.

कॅम्पांचे हे आकडे जुन्या छावणीतले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर सैनिकांसाठी बराकी बांधल्या गेल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित उतरले. पंजाब आणि बंगालचा निदान एक तुकडा भारतात राहिला. सिंध मात्र अख्खा पलीकडे गेला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथं नव्या शहराची कोनशिला बसवली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून नाव ठरलं उल्हासनगर.

आमच्या शेजारच्या अम्मा सिंधमधल्या सक्करच्या. दारात कुणीही आलं की आधी पाण्यासोबत पापड. त्या सक्करबद्दल तासन्‌तास बोलत, पण ‘उल्हासनगर’ म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या ‘आपली बराक’ म्हणत. त्या बराकीला पुढं पडवी निघाली, वर मजला चढला, खाली शिलाई मशीन आलं.

मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा गावाचं नाव सांगितलं की ठरलेला विनोद यायचा : ‘मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन ना?’ मीही हसायचो. पण विनोद करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या अंगावरची जीन्स आमच्याच गल्लीतून आलेली असायची, हे मला ठाऊक होतं.

पुढं लग्न झालं, घर बदललं. परवा मुलीचा एक फॉर्म भरताना जुना पिनकोड लिहिला : 421004. कॅम्प एकचा 421001, पाचचा 421005. छावणीचे आकडे टपालखात्यानं अलगद शेपटाला बांधून घेतलेत!

सरकारनं नदीवरून नाव दिलं. पुढचे बरे दिवस मात्र लोकांनी राबून आणले, आणि राबताना त्यांच्या तोंडी आकडेच होते. म्हणून ‘कॅम्प’ म्हणण्यात मला निर्वासितपणाची खूण दिसत नाही. कॅम्पात राहून ज्यांनी शहर उभं केलं, त्यांनी मिळवलेला तो मान आहे.