चार्जरचा हक्क आणि सभेचं इतिवृत्त

इलेक्ट्रिक गाडी घेणं सोपं, ती घरी चार्ज करणं अवघड, हे म्युनिकमध्ये फ्लॅटात राहणारा कुणीही सांगेल. बंगलेवाल्यांचं बरं असतं. इलेक्ट्रिशियनकडून ११ किलोवॉटचा वॉलबॉक्स बसवून घ्यायचा, वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपनीकडे नोंद करायची, झालं. (१२ किलोव्होल्ट-अँपिअरच्या वर गेलात तर नुसती नोंद चालत नाही, आधी परवानगी.) आमचं पार्किंग तळघरात आणि तळघर सगळ्यांचं.

पूर्वी शेजाऱ्यांच्या संमतीवाचून पान हलत नसे. १ डिसेंबर २०२० ला जर्मनीतला कायदा बदलला आणि प्रत्येक फ्लॅटमालकाला चार्जर मागण्याचा हक्क मिळाला. भाडेकरूही घरमालकाकडे तो मागू शकतो. म्हणजे चार्जर होऊ द्यायचा की नाही हे फ्लॅटमालकांच्या सभेच्या हातून गेलं. तो कसा बसवायचा हे मात्र अजून तिच्याच हाती आहे, आणि तिथे जर्मन माणूस खुलतो. केबल कुठून न्यायची? आगरोधक भिंतीला पाडलेलं भोक कोण बुजवणार? आमच्या सभेत एका निवृत्त इंजिनिअर आजोबांनी तळघराचा स्वतः काढलेला नकाशा फिरवला, त्यात एकेक पाइप वेगळ्या रंगात. आमच्याकडे काही गाड्या वर-खाली सरकणाऱ्या दुमजली फलाटांवर उभ्या राहतात. फलाट हलला की केबलही हलणार, यावर बराच काथ्याकूट झाला.

खरी मेख पैशांत आहे. मागेल त्यानंच खर्च सोसायचा, असा कायदा. पहिले दोघं-तिघं आपापली वायर ओढून मोकळे होतात. इमारतीच्या जोडणीतली शिल्लक क्षमता संपली की पुढच्याच्या गळ्यात भार वाटून देणारी महागडी यंत्रणा पडते. सर्वांनी मिळून एकदाच मुख्य लाइन टाकावी हे शहाणपणाचं, पण ज्याच्याकडे नुसती सायकल आहे तो का पैसे काढेल? पुण्याच्या सोसायटीतही हाच वाद. तिथे आवाज वाढतो, इथे इतिवृत्त वाढतं.

२०२४ पासून नव्या चार्जरवर आणखी एक अट आली. वीजजाळ्यावर ताण आला की कंपनी त्याचा वेग ४.२ किलोवॉटपर्यंत उतरवू शकते, आणि बदल्यात जाळ्याच्या शुल्कात सूट देते. गाडी रात्रभर उभीच असते, त्यामुळे मला तरी हा सौदा पटतो.

इथे फ्लॅट घेणार असाल तर स्वयंपाकघर नंतर बघा. आधी गेल्या काही वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या आणि चार्जरबद्दल काय ठराव झालाय ते वाचा.