मार्च म्हणजे महिना नव्हे

कंपायलरच्या आज्ञेत ‘मार्च’ हा पर्याय पहिल्यांदा दिसला की बहुतेक जण तो महिन्यासारखाच वाचतात. खरं तर तो एम-आर्च आहे. एम म्हणजे मशीन, आर्च म्हणजे आर्किटेक्चर. जीसीसीमध्ये हार्डवेअरशी संबंधित पर्याय सहसा या ‘एम’नेच सुरू होतात.

एम-आर्च, एम-ट्यून आणि एम-सीपीयू ही तीन भावंडं. इंटेल-एएमडीवर एम-आर्च सांगतो की प्रोसेसरच्या कुठल्या सूचना वापरायची मुभा आहे. एम-ट्यून फक्त वेगासाठी मांडणी बदलतो, नव्या सूचना घुसडत नाही. एम-सीपीयू हे तिथे एम-ट्यूनचंच जुनं, मोडीत काढलेलं नाव. आर्मवर मात्र एम-सीपीयू एकटाच दोन्ही कामं करतो आणि पॉवरपीसीवर एम-आर्च मुळात नाहीच. वड्यासोबतचा पाव आणि पाव किलोतला पाव, तसंच हे. शब्द तोच, पण कुठे आलाय ते बघूनच अर्थ लावायचा.

माझ्या एका मित्राने विहिरीची पाणीपातळी नोंदवणारा प्रोग्राम लिहिला. तो चालणार होता पंपघरातल्या पहिल्या पिढीच्या रास्पबेरी पायवर. २०१२ साली आलेला हा बोर्ड, प्रोसेसर आर्मव्ही६. लॅपटॉपवर प्रोग्राम विनातक्रार कंपाइल झाला. बोर्डावर मात्र एकच ओळ आली: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. एम-आर्चमध्ये आर्मव्ही६ दिलेलं होतं, जोडीचे पर्यायही बरोबर होते. म्हणूनच तो चक्रावला होता.

मी त्या फाइलवर ‘रीडएल्फ’ कॅपिटल ए लावून चालवलं. आर्किटेक्चरपुढे व्ही७ दिसलं. त्याचा कोड व्ही६चाच होता, पण लिंकरने त्यात जोडलेल्या, प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या छोट्या फायली कंपायलरसोबत तयार आलेल्या होत्या, त्याही व्ही७साठी. आपण दिलेला पर्याय आपल्या कोडला लागू होतो, आधीच शिजून आलेल्याला नाही.

गोंधळाचं मूळ नावात आहे. डेबियनच्या ‘आर्मएचएफ’ची किमान पायरी आर्मव्ही७. रास्पबियन वेगळं बांधावं लागलं ते त्यामुळेच. त्याचं नावही ‘आर्मएचएफ’, पण पायरी आर्मव्ही६. शेवटी आम्ही प्रोग्राम थेट बोर्डावरच कंपाइल केला. वेळ लागला, पण चालला.

तेव्हापासून एम-आर्चपुढे ‘नेटिव्ह’ लिहिलेलं दिसलं की मी थबकते. त्याचा अर्थ, समोरच्या मशीनला जे जे येतं ते सगळं वापर. स्वतःपुरतं ते उत्तमच. पण तीच फाइल दुसऱ्याला दिली, तर जुना लॅपटॉप वापरणाऱ्याला आपण न सांगता दाराबाहेर ठेवलेलं असू शकतं. त्याला कारणही कळत नाही, फक्त ती एक ओळ दिसते. म्हणून कोणी पर्याय विचारले, की मी आधी विचारते: हे चालवणाऱ्यांपैकी सगळ्यात जुनं मशीन कोणाकडे आहे?