पडद्यावरचा वारसा आणि अक्काची सही

कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात एक छोटासा प्रसंग आहे. धनमित्र नावाचा समुद्रव्यापारी जहाज फुटून मरण पावतो. त्याला अपत्य नाही, सबब त्याची संपत्ती राजाकडे जमा व्हावी, असा अमात्याचा कागद येतो. दुष्यंत स्वतः निपुत्रिकपणाच्या दुःखात असतो. तो विचारतो, त्या व्यापाऱ्याच्या स्त्रियांपैकी कोणी गर्भवती आहे काय, याची आधी चौकशी करा. एक तशी निघते, आणि गर्भातले मूलच पित्याच्या धनाचे अधिकारी, असा निर्णय होतो. आपल्या उज्जैनच्या कालिदास समारोहात हे नाटक पाहताना रसिकमंडळी शकुंतलेच्या विरहात बुडालेली असत. आमचे लक्ष मात्र त्या अमात्याच्या कागदावर खिळलेले असे. छत्तीस वर्षे राज्यशासनाच्या महसूल खात्यात फौती नामांतरणाची प्रकरणे चाळलेल्या माणसाचे असे व्हायचेच.

चित्रपट पाहतानाही आमची ही खोड सुटली नाही. पडद्यावर घरातला कर्ता पुरुष गेला, की प्रेक्षक रुमाल काढतात आणि आमच्या मनात प्रश्न येतो, आता घर कोणाच्या नावे चढणार?

आमच्या आठवणीतला पहिला चित्रपट म्हणजे आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. गणेशोत्सवात बोळाच्या तोंडाशी पांढरे कापड ताणून तो दाखवला होता. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. शेजारी अक्का बसली होती, आमची थोरली बहीण, आमच्याहून सहा वर्षांनी मोठी. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा हा चित्रपट १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले, हे आपण सारे जाणतोच. त्या श्यामच्या आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई, माहेरच्या सुशीला पवार, यांचा जन्म १९१५ साली याच उज्जैनीत झाला होता आणि वडील ग्वाल्हेर दरबारच्या सेवेत होते. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या अभिमानाने सांगितली जाई, की जणू त्या आमच्याच वाड्यातून सासरी गेल्या असाव्यात. त्या चित्रपटात वारसा म्हणून श्यामला मिळते काय? घरावर सावकाराच्या कर्जाचा बोजा, आणि आईची शिकवण. पुढे नोकरीत असताना आमच्या ध्यानात आले, की पहिल्या गोष्टीची नोंद सरकारी कागदात होते. दुसरीसाठी रकानाच नाही.

त्याच १९५३ साली सोहराब मोदींचा रंगीत 'झाँसी की रानी' आला. ती कथा मुळात वारसा नामंजूर झाल्याची आहे. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, दत्तक घेतलेला मुलगा डलहौसीने मानला नाही आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. राणीची तलवार सर्वांना ठाऊक आहे. पण ज्याच्या हक्कासाठी ती उपसली, त्या दामोदररावांचे पुढे काय झाले, हे किती जणांना ठाऊक असते? ते इंदूरला, आपल्यापासून अवघ्या पंचावन्न-साठ किलोमीटरांवर, इंग्रजांच्या पेन्शनीवर जगले आणि १९०६ साली तेथेच निवर्तले. चित्रपट सहसा रणांगणावर संपतात. वारसाची गोष्ट त्यानंतर सुरू होते.

अलीकडच्या काळातले दोन चित्रपट आम्हांला याच कारणासाठी आवडले. सुमित्रा भावे आणि सुनील सुखठणकर यांच्या 'वास्तुपुरुष'मध्ये (२००२) जमिनी गेलेले एक देशपांडे घराणे पडक्या वाड्याला धरून बसलेले आहे. कोणाला वाड्यात पुरलेल्या धनाचा ध्यास, तर आईला मुलाने डॉक्टर व्हावे याचा. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८, हिंदी असला तरी मातीने मराठीच) वाड्यातले सोने बाप मुलाला देतो, आणि त्याबरोबर सोने काढण्याचा लोभही शिकवतो. शेवटी मुलगा ते सोने हाती घेत नाही. पडके वाडे आणि पुरलेले धन यांच्या कहाण्या आपल्या माळव्यातल्या कोणत्या मराठी घरात नाहीत? शिंद्यांच्या, होळकरांच्या, पवारांच्या मागोमाग आलेली आपली घराणी. इनामे गेली, वतने गेली, उरल्या त्या कहाण्या.

इतके चित्रपट पाहिले, तरी एक दृश्य आम्हांला कधी दिसले नाही. पडद्यावर वारशाचा झगडा बापलेकांचा असतो, नाहीतर भावाभावांचा. लग्न होऊन गेलेली बहीण पंजीयन कार्यालयातल्या बाकावर बसून हक्कत्यागपत्रावर सही करते आहे, हे दृश्य काही आमच्या पाहण्यात आले नाही. प्रत्यक्षात मात्र आम्ही ते शेकडो वेळा पाहिले. एकदा तर स्वतःच घडवले.

वडील १९९४ साली गेले. कार्तिक चौकातला वाडा त्यांनी स्वकष्टाने सोडवून आपल्या नावे केलेला होता. आई आधीच गेलेली. वारस तिघे: अक्का, आम्ही आणि धाकटे बंधू. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अक्काचा हिस्सा आमच्याइतकाच होता. मात्र त्याच कायद्याचे तेविसावे कलम असे, की राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी स्वतःहून केल्याखेरीज मुलीला ती मागता येत नसे, आणि सासरी नांदणाऱ्या मुलीला तेथे राहण्याचा हक्कही नसे. म्हणजे हिस्सा होता, पण कुलूप आमच्या हाती. हे सारे आम्हांला तोंडपाठ होते. तरीही हक्कत्यागाचा मसुदा आम्ही स्वतःच्या हाताने लिहिला. "अक्का, एक औपचारिकता आहे," एवढेच सांगितले. तिने कागद वाचला नाही. फक्त विचारले, "सही कोणत्या नावानं करू रे? माहेरच्या की सासरच्या?"

आम्ही कचेरीतल्या आवाजात म्हणालो, "सासरच्या."

संध्याकाळी तिला साडीचोळी केली. व्यवहार नीट पार पडला, असे आम्हां दोघा भावांना वाटले.

९ सप्टेंबर २००५ पासून सुधारित कायदा लागू झाला. ते तेविसावे कलम गेले, आणि वडिलार्जित मिळकतीत मुलगी जन्मतः सहहिस्सेदार ठरली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क अधिकच स्पष्ट केला. मात्र आमच्याकडचा कागद जुना, रीतसर पंजीकृत; त्याला धक्का लागण्याचा प्रश्न नव्हता. एक अधिकारी म्हणून आम्ही निर्धास्त होतो. भाऊ म्हणून होतो का, याचा विचार टाळत होतो.

जानेवारी २०१६ मध्ये 'नटसम्राट' प्रदर्शित झाला, तेव्हा अक्का आमच्याकडे आली होती. इंदूरला जाऊन तो पाहिला. अप्पा बेलवलकर आपले सारे मुलगा आणि मुलगी यांत वाटून टाकतात आणि दोन्ही घरांतून अपमानित होऊन बाहेर पडतात. चित्रपटगृहात एकही डोळा कोरडा नव्हता. परतताना गाडी सांवेरच्या पुढे आल्यावर अक्का खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बापानं वाटून दिलं की मुलं कशी वाईट होतात, ते दाखवलं. न वाटता गेला, तर भाऊ कसे होतात, ते कोणी दाखवत नाही."

पुढे उज्जैन येईपर्यंत कोणी बोलले नाही. ती रागावलेली नव्हती, आणि तेच आम्हांला अधिक लागले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'महाकाल लोक'चे लोकार्पण झाले आणि जुन्या शहरातल्या जागांना कल्पनेबाहेरचा भाव आला. आमच्या वाड्यालाही गिऱ्हाईक आले आहे. तेथे यात्रेकरूंसाठी हॉटेल होईल. लाकडी खांब वाळवीने खाल्ले आहेत, दुरुस्ती आमच्या आवाक्यात नाही, तेव्हा विक्रीचे दुःख आम्ही फारसे करत नाही. प्रश्न येणाऱ्या रकमेचा होता. गेल्या भाऊबिजेला अक्का आली, तेव्हा आम्ही सांगितले, की तीन भाग व्हावेत असे आम्हांला वाटते.

आमची अपेक्षा होती, की ती "मला काय करायचेत रे पैसे?" असे म्हणेल, आणि आमचे मन हलके होईल. चित्रपटातली थोरली बहीण असेच म्हणाली असती.

अक्का म्हणाली, "दे. मी घेईन." मग थोडे थांबून, "पण ओवाळणी म्हणून नको. हिस्सा म्हणून लिहून दे."

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. हजारो आदेश लिहिलेला हा हात अडला. बहिणीकडून हक्क सोडवून घ्यायला छापील नमुना असतो. तो परत करायला नसतो. कायद्याच्या भाषेत याला दानच म्हणावे लागेल, आणि तो शब्द तिला नको आहे. शेवटी साध्या मराठीत लिहिले: १९९४ साली तुझा जो हिस्सा आम्ही लिहून घेतला, तो तुझाच होता, तो तुला पोचता करत आहोत. खाली सही केली, आणि तिचे नाव माहेरचे घातले.

धाकटे बंधू पुण्यास असतात. त्यांना नक्कल पाठवली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. ते काहीही आले, तरी आमच्या अर्ध्यातला एक तृतीयांश अक्काचा आहे, आणि तो तिला मिळेल.