माप, शिलाई आणि लिनक्स

अब्बांच्या शिवणकामाच्या दुकानाचा हिशेब घरच्या जुन्या संगणकावर आहे. त्यावर लिनक्स घातलं ते पैसे वाचावेत म्हणून, आणि चोरीची सीडी घरात नको म्हणूनही. हिशेबाच्या प्रोग्रामची हवी ती आवृत्ती तयार मिळेना. मिळाला तो नुसता सोर्स कोड, टार फाईलच्या गाठोड्यात.

गाठोडं सोडलं की आधी आतली 'रीडमी' वाचावी. मग टर्मिनलवर 'कॉन्फिगर'. यंत्रात काय आहे, काय नाही, ते ही आज्ञा तपासते. आमच्याकडे तर सी भाषेचा कंपायलरच नव्हता! उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल' घेतलं की तो येतो. पुढे एकेक लायब्ररी मागितली जाऊ लागली. त्यासाठी नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं पॅकेज लागतं, हे उमगायला दोन रात्री गेल्या.

'मेक' म्हणजे शिलाई, 'सुडो मेक इन्स्टॉल' म्हणजे कपडा खुंटीला लावणं, असं अब्बांना समजावलं. ते म्हणाले, "आणि माप?" माप म्हणजे कॉन्फिगर!

असा बसवलेला प्रोग्राम पॅकेज मॅनेजरच्या खात्यात नसतो. नवी आवृत्ती आली तर पुन्हा आपणच शिवायची. म्हणून ते गाठोडं मी जपून ठेवलंय.

गिऱ्हाइकांची उधारी आता संगणकात चढते. अब्बा ती रात्री वहीतही उतरवतात.