नगरचे चढ-उतार, कासवाच्या स्पीडने

‘तुम्ही या बघून, मी बसते गाडीतच!’ फॅमिली ट्रिपमध्ये हे वाक्य हमखास येतं. गुडघे कुरकुरायला लागलेली आई किंवा काका पार्किंगमध्ये बसणार आणि आपण पंधरा मिनिटांत सगळं उरकून परत येणार. पुढच्या ट्रिपला त्या मंडळींचं उत्तर ठरलेलं, ‘मी घरीच बरी.’ एक माणूस असा हळूहळू आपल्या वीकएन्डमधून गळतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

यावर झकास उपाय म्हणजे बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर. सुटी करून डिकीत मावणारी मॉडेल्सही मिळतात. पण सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी वागणारी ही गाडी चढ-उतारावर भलतीच अवखळ होते. तिला ओळखायचं तर पुण्यापासून साधारण 120 किलोमीटरवरचं नगर बेस्ट! 2024 मध्ये नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलताना ‘नगरला जातोय’ हेच तोंडात येतं.

रणगाड्यांची शाळा
सोलापूर रोडवरचं रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये सुरू झालं. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, चर्चिल, आपला विजयंता आणि 1965 च्या युद्धातला पॅटन... पन्नासच्या आसपास गाड्या इथे आहेत, आणि बऱ्याचशा उघड्यावरच. आमच्या आत्याने स्कूटरवरून सगळ्यांना निवांत फेरी मारली. मी कधीच बाकड्यावर बसलो होतो, तिचं आपलं चालूच! ‘अरे, दमलास का?’ हा टोमणा वर.

पॅटनसारखा रणगाडा 60 टक्के चढ, म्हणजे साधारण 31 अंश, चढून जातो. पण सरळ नाकासमोर. आडव्या उतारावर मात्र रणगाड्यांची मर्यादा जवळपास निम्म्यावर येते. स्कूटरचंही सेम! चढ-उतार नेहमी सरळ घ्यायचा, तिरका नाही. रॅम्पच्या मध्यावर वळायचं नाही. वरच्या सपाट जागेवर पूर्ण पोचलं की मगच हँडल फिरवायचं. तीनचाकी स्कूटर चटकन वळते, पण कलंडतेही चटकन. चारचाकी त्या मानाने भक्कम.

मेहेराबाद
दौंड रोडवर अरणगावजवळ मेहेरबाबांची समाधी आहे, टेकडीवर. खालचं आणि वरचं मेहेराबाद यांच्या मधून रेल्वेलाइन जाते. छोट्या चाकांनी रूळ ओलांडायचे तर अगदी काटकोनात, नाहीतर चाक फटीत अडकलंच म्हणून समजा. सोबत कुणीतरी हवंच.

चढताना थोडं पुढे झुकायचं, उतरताना मागे टेकून बसायचं. पिशव्या पाठीमागे लटकवायच्या नाहीत. चढावर पुढची चाकं उचलली जातात. बऱ्याच स्कूटरवर स्पीडच्या बटणाशी ससा आणि कासव असतात. उतरायच्या आधीच बटण कासवाकडे न्या, इथेही तोच जिंकतो! थांबायचं असेल तर लिव्हर सोडा, बहुतेक स्कूटर आपोआप ब्रेक लावतात. पण मागे ढकलण्यासाठी जो न्यूट्रलचा खटका असतो, तो उतारावर चुकूनही ओढू नका. ब्रेक सुटतो आणि गाडी घरंगळते.

चांदबीबीचा महाल
नाव चांदबीबीचं, पण ही कबर निजामशाहीतला वजीर दुसरा सलाबतखान याची. पाथर्डीच्या दिशेला, डोंगरावर, अष्टकोनी आणि तीन मजली. हा घाटाचा चढ मात्र स्कूटरचा नव्हे. ती डिकीत ठेवा आणि कारने वर जा. आतल्या जिन्यांचा नाद सोडा. वरच्या मोकळ्या जागेतही सुटी खडी आणि कडेचा उतार टाळून, सपाट जागा बघूनच स्कूटर काढा. नगरचा भन्नाट वारा आणि खाली पसरलेलं शहर, एवढ्यावर दिवस वसूल होतो.

निघण्यापूर्वी
• मॅन्युअलमध्ये किती अंशांचा चढ चालतो ते बघा. त्यापुढे हिरोगिरी नको.
• बॅटरी फुल्ल चार्ज करा. चढावर ती भराभर उतरते.
• ओला रॅम्प, मऊ गवत आणि खडी टाळा.
• पहिली प्रॅक्टिस सोसायटीच्या रॅम्पवर, कुणीतरी शेजारी चालत.

आणखी एक. हॉटेल बुक करताना ‘रॅम्प आहे का?’ एवढंच विचारू नका. चांगल्या रॅम्पचं माप 1:12, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. दारात फळी टाकून ‘आहे की रॅम्प!’ म्हणणारे खूप भेटतात. दिव्यांगांना सार्वजनिक ठिकाणी सहज जाता यावं, असं 2016 चा कायदा सांगतो. तेव्हा बिनधास्त विचारा, ‘किती फूट लांब?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्यासाठी नीट रॅम्प बांधावासा वाटेलच!